अकोल्याचे पाहुणे आले मैनेले पाहाले

भागीरथे, तुले मोठ्या बहिणीचा अमरावतीहून जयभीम.

सगळ्यात पैले पोराचा मामाच आला. पाणी पेता पेताच म्हणे, "आमच्या अकोल्याले मुंबईची गाडी थेट थांबते. तुमाले बडनेऱ्याले गाडी बदला लागते." माहा डोमाजी गप बसते का? "आमच्याइथं कालेज हाय, म्हणून माही लेक मैना शिकली." दोघं असे भांडले का चहा निवला. मले वाटलं, नातीची सोयरीक गेली.

मंग मैना पोहे घेऊन आली अन् पोराले सरळच म्हणे, "लग्न झाल्यावरबी मले शाळेत शिकवाचंच हाय." मामाचा घास हातातच राह्यला.

पोरगा म्हणे, "आमच्याइथं मुलींच्या शाळेत जागा हाय. मी इचारूनच आलो."

मैना खाली पाहून हासली. मामानं पोहे पुन्हा मांगून घेतले, अन् डोमाजीले म्हणे, "पोहे मात्र तुमच्या अमरावतीचे बेस हायेत."

पोरगी आता अकोल्याले तुह्याजवळ येईन. सकाळी न जेवता शाळेत जाते, तेवढं पाहाजो. मले इथं घर सुनं लागन, पण ते असू दे. तुहा गुडघा कसा हाय?

येत्या आयतवारी पोराच्या मायले घेऊन येतो म्हणून गेले. तूबी त्याईच्याच गाडीनं ये.

तुही जाईबाई