टीशक ‘बघतो’ म्हणाले

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दुपारची शिफ्ट दोन तास उशिरा घेतली. आमच्या फार्मसीची सुपरवायझर जेन, तिला डेंटिस्टचं सांगितलं. खोटं. लीड्सच्या थंडीत बसस्टॉपवर कोण बसणार म्हणून हॉस्पिटलच्याच स्टाफरूममध्ये कोपरा धरला. इअरफोन लावून आयर्लंडची संसद बघितली. लाइव्ह. आज सुजाताचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, प्रश्न होता तिथे.

सु. तिकडे पश्चिमेला एका वृद्धाश्रमात केअर असिस्टंट. लेक यशू नऊ वर्षांची, नागपूरला आमच्या आईजवळ. यशूला तिकडे नेण्याचा अर्ज पंधरा महिने पडून आहे. ना हो, ना नाही. तिथल्या खासदार बाईंची म्हातारी आई त्याच होममध्ये, सु.च्याच हातून जेवते. बाई म्हणाल्या, मी विचारते सभागृहात.

तिथल्या पंतप्रधानाला टीशक म्हणतात. स्पेलिंग बघून सात जन्मांत कोणी तसं वाचणार नाही. एकेक सभासद उठतो, त्याला एक मिनिट. पूल खचला. मुलाच्या पाठीचं ऑपरेशन रखडलं. पोस्ट ऑफिस बंद पडतंय. रस्त्यावर पाणी. पुलापासून पाठीच्या कण्यापर्यंत सगळ्याला एकाच माणसाने उत्तर द्यायचं, वर मागून कोणीतरी ओरडतंय. मी त्याला शिव्या घालायच्या तयारीने बसले होते. पण तो कागद उलटत होता, पाणी पीत होता, आणि मला कीवच आली.

बाई शेवटून दुसऱ्या. म्हणाल्या, जी मुलगी माझ्या आईला भरवते, तिला स्वतःच्या लेकीला भरवता येत नाही. टीशकांनी चष्मा काढला. “आय विल लुक अ‍ॅट दॅट, डेप्युटी. सेंड मी द डिटेल्स.” डेप्युटी म्हणजे तिकडे खासदार. बस, एवढंच. पुढचा माणूस उठला, मेंढ्यांबद्दल.

टॉयलेटमध्ये जाऊन रडले. डोळे लाल बघून जेन म्हणाली, काढला वाटतं दात.

लगेच आईला फोन. “काय म्हणाले ग ते साहेब?” इकडे औषधांची लेबलं छापायची पडलेली. घाईत म्हटलं, बघतो म्हणाले. आई म्हणाली, “बरं.” यशूला फोन दिला नाही.

गुरुवार, ६

सु. हवेत आहे. ती क्लिप होममधल्या सगळ्या म्हाताऱ्यांना दाखवून झाली. यशूसाठी गमबूट बघून ठेवलेत. मापाचा पत्ता नाही, रंग मात्र ठरला.

बाईंच्या ऑफिसचा मेल आलाय. बाकी कागद आहेत, एकच हवा: मुलगी माझ्याजवळ राहते आणि तिला आईकडे पाठवायला माझी हरकत नाही, असं आजीचं प्रतिज्ञापत्र. नोटरीचं, मूळ प्रत. सु. म्हणते, ताई, तू सांग, तुझं ऐकते ती. कधीपासून?

शनिवार, ८

आत्ताच आईशी फोन झाला.

आईने यशूला मंगळवारीच सांगून टाकलंय की तुझं जाणं रद्द. सायकल घेतली तिला. स्कॉलरशिपच्या क्लासला नाव घातलं. आणि पोरगी चार दिवस सु.शी बोलत नाहीये. मम्मीला सांगा मी क्लासला गेले, म्हणते.

मी म्हटलं, आई, काहून सांगितलंस?

“तूच तर म्हणालीस, बघतो म्हणाले.”

“मग?”

“मग काय? तीस वर्षं तहसील कचेरीत काढली मी, वंदू. साहेब ‘बघतो’ म्हणाले की फाईल आम्ही खालच्या रॅकला ठेवत होतो. पोरीला काय आशेवर ठेवायची?”

 चूक माझीच. सोळा वर्षं इंग्रजीत पोट भरते आणि एका वाक्याचं मराठी धड करता आलं नाही. ‘लक्ष घालतो म्हणाले’ असं सांगितलं असतं तर? ‘कागद पाठवा’ म्हणाले, हे तर सांगितलंच नाही. अर्ध्याच वाक्याचा निरोप दिला. स्वतःचा इतका राग आलाय की भात करपला तरी तसाच खाल्ला.

आईला म्हटलं, हा माणूस तसा नाही वाटला ग. तर म्हणते, “तुझ्या ओळखीतला आहे का?”

मंगळवार, ११

आज पुन्हा बघितलं. आपला काही प्रश्न नव्हता, उगाच. एकाला टीशक सरळ म्हणाले, आज माझ्याकडे उत्तर नाही. पोस्ट ऑफिसवाल्याला म्हणाले, तुम्ही सांगितल्यावर मी चौकशी केली, पत्र पाठवलंय. म्हणजे बघतो बाबा हा, खरंच बघतो! तेवढा तुकडा आईला पाठवला, खाली मराठीत सगळं लिहून. या वेळी प्रत्येक शब्द दोनदा तपासला.

आईचा फोन. “दमलेला दिसतो ग बिचारा. वेळेवर जेवतो की नाही?”  मग म्हणाली, “म्हणजे नेणारच तुम्ही तिला.”

मी म्हटलं, आई...

“मला ‘नाही’च हवं होतं, वंदू. तू बघतो म्हणालीस ना, त्या दिवशी पोळ्या करताना मी गुणगुणत होते. यशू म्हणाली, आजी, आज काय ग?”

बाबा गेल्यापासून आईचं गुणगुणणं मी ऐकलेलं नाही. सु.ला यातलं काही सांगितलं नाही. कसं सांगू. तिची बाजू खरी, हिचीही खरी.

शुक्रवार, १४

आई स्वतः कोर्टात जाऊन नोटरी करून आली. फोटो पाठवला. आईची ती कारकुनी सही, एक काना इकडचा तिकडे नाही. खाली लिहिलंय, “वरील मजकूर मी वाचला असून तो खरा आहे.” म्हणाली, सोमवारी कुरिअर करते.

सु. रडली. आईशी व्हिडिओवर बोलली, यशूही आली शेवटी, गमबुटाचं माप दिलं. नागपुरात गमबूट घालून काय करायचं, असं विचारत होती.

बुधवार, १९

बाईंच्या ऑफिसने सु.ला कळवलंय, टीशकांच्या कचेरीतून खात्याला पत्र गेलं, मूळ प्रत आली की फाईल पुढे. आई म्हणाली, सोमवारीच टाकलं.

आज फोन यशूने उचलला. आजी विहारात गेलेली. इकडचं तिकडचं, सायकल, क्लास. मग हळूच म्हणाली, “मावशी, तो कागद आजीने उशीच्या खोळीत ठेवलाय. रोज वाचते. तू सांगू नको हं मी सांगितलं.”

सांगणार नाही, म्हटलं. 

आताच सु.चा मेसेज. “ताई, आईने कुरिअरचा नंबर दिला का तुला? मला म्हणते वंदूकडे आहे.”

मी उघडून वाचला, निळ्या खुणा दिसल्या असतील तिला. ऑनलाइन दिसतेय. तिला काहीच लिहिलेलं नाही. इथेच लिहीत बसलेय.