अल्सीदचं घर आणि सरकारी पंखा

१९ ऑक्टोबर
बर्नाडेट आज बहिणीकडे राहायला गेली. भांडण वगैरे नाही. घरात गारठा फार, तिला दमा, आणि मी हट्टी, असं तिचं म्हणणं. तिने परस्पर त्या सरकारी योजनेत आमचं नाव घातलंय. कमी मिळकतवाल्यांची घरं फुकट ऊबदार करून देतात. मी म्हटलं, आपण काय भिकारी आहोत? जन्मभर इथल्या मेन राज्याच्या बर्फात शाळेची बस चालवलेला माणूस मी, चार फटी बुजवता येणार नाहीत? ती म्हणाली, "बुजव. बुजल्या की मी येते."
ठरलं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आत बायको घरात.

२१ ऑक्टोबर
इन्स्पेक्शन. पेटती मेणबत्ती घेऊन घरभर फिरलो. ज्योत हलेल तिथे फट. ज्योत सगळीकडे हलली. मेणबत्तीच हलक्या दर्जाची असावी.

२ नोव्हेंबर
सगळ्या खिडक्यांना प्लॅस्टिक लावलं. काम एकदम प्रोफेशनल. बाहेरचं काही दिसत नाही, पण बाहेर आहे काय? शेजारच्या लुसियाँचा बटाट्यांचा ट्रक.

५ नोव्हेंबर
मागच्या दाराच्या फटींत डब्यातला फोम फवारला. डब्यावर लिहिलं होतं, फुगतो. म्हटलं, फुगून फुगून किती फुगेल.

६ नोव्हेंबर
मागचं दार उघडत नाही. म्हणजे फटी उत्तम बुजल्यात. यापुढे पुढचं दार वापरायचं.

१२ नोव्हेंबर
घराच्या पायाभोवती गवताचे गठ्ठे रचले. आमचे आजोबा हेच करायचे. ऊब नक्कीच वाढली, कारण एक स्कंक, ते दुर्गंध फवारणारं जनावर, सहकुटुंब तिथे राहायला आलंय. घरात घाण वास. लुसियाँ म्हणाला, "बरं झालं अल्सीद, बायको गेल्यापासून तुला सोबत नव्हतीच." मी हसलो नाही.

थँक्सगिव्हिंग
बर्नाडेटचा फोन. विचारलं, ऊब आहे का? म्हटलं, घाम पुसतोय. म्हणाली, "मग दात कसले वाजतायत?" लाइन खराब आहे, असं सांगितलं. जेवायला ये म्हणत होती. कामात आहे म्हटलं. टोपी घालून लोणी लावलेले घावन खाल्ले. एकट्याने खाण्यातही मजा असते. थोडी.

४ डिसेंबर
योजनेची माणसं आली. दारातूनच परत पाठवायचं पक्कं केलं होतं. पण पुढे टॅन्सी. माझ्या बसमधे मागच्या सीटखाली च्युइंगगम चिकटवणारी पोरगी, आता यांची मुकादम. म्हटलं, कॉफी पिऊन जा.
तिने दारात भलामोठा पंखा बसवला. तो घरातली हवा बाहेर ओढतो, मग फटींतून वारा आत येतो आणि त्या सापडतात. पंखा सुरू झाला. माझी प्लॅस्टिकं शिडांसारखी फुगली आणि एकामागून एक फटाफट सुटून अंगावर आली. टॅन्सी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
म्हटलं, फुकटचं घेणं मला जमत नाही. ती म्हणाली, "काका, बसचा हीटर बिघडला तेव्हा तुम्ही मला तुमचं जॅकेट घातलंत. मी ते भीक म्हणून घेतलं नव्हतं. मला थंडी वाजत होती."
बराच वेळ प्लॅस्टिकची घडी घालत बसलो. मग तिला माळ्याचा रस्ता दाखवला.

९ डिसेंबर
माळ्यावर आणि भिंतींत ऊब धरून ठेवणारा कापसासारखा भराव घालताहेत. देखरेख माझी. टॅन्सी म्हणाली, "काका, खुर्चीत बसून करा ना देखरेख." मागचं दार त्यांनी करवतीने मोकळं केलं. गठ्ठे हलवले, स्कंक मंडळी गेली.

१४ डिसेंबर
बर्नाडेट आली. कोट काढला. मग स्वेटर काढला. खोल्याखोल्यांतून फिरली, भिंतींना हात लावून पाहिला. "हे तू केलंस?" म्हटलं, बरंचसं. म्हणाली, "टॅन्सीने मला सगळं सांगितलंय." आणि माझ्या शेजारी येऊन बसली. उठली नाही.

२० डिसेंबर
लुसियाँच्या अंगणात त्याला सगळं शास्त्र समजावून दिलं. योजनेत नाव घाल म्हटलं, त्यात लाज कसली? तो मफलरमधून हूं हूं करत होता.

२१ डिसेंबर
अंथरुणात. ताप, नाक बंद, आवाज बसलेला. बर्नाडेट विचारते, त्या बर्फात नुसत्या शर्टावर इतका वेळ उभा कशाला राहिलास? आमच्या घरात इतकं छान ऊबदार असतं, की बाहेर हिवाळा आहे हे लक्षातच राहिलं नाही.