बैठकीतला लेथ

गुडगाव, १२ ऑगस्ट २००१

आदरणीय दामूदादास,

सुहासिनीचा सप्रेम जयभीम. कौशल्यावहिनींचे गुडघे आता कसे आहेत? तू ठणठणीत असशीलच. दुसऱ्यांना सल्ले देणाऱ्यांच्या प्रकृतीला सहसा काही होत नाही.

फरिदाबादचा कारखाना बंद पडून हे घरी बसले, बोलेनासे झाले, तेव्हा तू फोनवर म्हणालास, अंबादासरावांना एखादा छंद लावून दे. मला वाटलं, कुंड्या आणतील, गुलाब लावतील. यांनी त्याच कारखान्याच्या भंगारातून स्वतःचा जुना लेथ आणला. त्याच्यावर यांनी बावीस वर्षं लोखंड कातलं (आमच्या लग्नाला वीसच झाली, तेव्हा ज्येष्ठता कोणाची हे उघड आहे).

वजन टनभर. आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट म्हणजे, बिल्डरच्या जाहिरातीप्रमाणे, 'युरोपीय जीवनशैली'. सहा हमालांनी दार चौकटीसकट काढून ते धूड बैठकीत आणलं आणि सोफा बाल्कनीत गेला. पाहुणे आले की आम्ही तिथे ओळीने, बसची वाट पाहत असल्यासारखे बसतो.

पहिला महिना गंज काढण्यात गेला. सळई पकडणारा चक जागचा हलेना, म्हणून त्याला रोज रॉकेलची आंघोळ (चपात्यांनाही तोच वास). मग मशीनच्या बेडला निळा रंग लावायचा, उंचवटे शोधायचे आणि ते तासायचे. या शास्त्रात आमचा फ्रिज, पडदे आणि शेजारच्या मिसेस खन्नांचं पांढरं मांजर निळं झालं. मांजराची लेखी तक्रार सोसायटीत आहे.

शेवटी मोटर जोडली. सळई कातली, तर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, थेट मुळा. पुन्हा कातली, पुन्हा मुळा. चौथ्या मुळ्यानंतर यांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि दोन दिवस परत तोंड मिटून बसले. ते मात्र, दादा, मला बघवेना.

तिसऱ्या दिवशी फरशी पुसताना दिसलं, सांडलेलं रॉकेल दर वेळी खिडकीकडच्या पायाशीच जातं. युरोपीय जीवनशैली त्या कोपऱ्यात खचत होती. मी म्हटलं, "मशीन वाकडं नाही, फरशी वाकडी आहे." यांनी लेव्हल लावून उतार पाहिला, त्या पायाखाली पत्र्याचे तीन तुकडे सरकवले. पुढची सळई या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. ती बराच वेळ हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तू कारखान्यात हवी होतीस."

वीस वर्षांत झालेली ही पहिली स्तुती. तीही कारखाना बंद पडल्यावर.

तेव्हा यापुढे कुणाला छंद सुचवू नकोस, ही हात जोडून विनंती.

तुझी बहीण,
सुहासिनी

ता. क. सोबत एका गियरचं चित्र आहे. तसा नागपूरच्या भंगारबाजारात मिळतो का पाहा. दात नीट मोज. तुझ्या अंदाजावर माझा भरवसा नाही.

ता. क. २ यांना याबद्दल विचारू नकोस. जूनपासून हे मानेसरला नव्या कामगारांना मशीन शिकवायला जातात, आणि आता यांनाच लेथची अडचण होते, विकू म्हणतात. गियर मला हवाय. कातणं जमलं, आटे पाडणं तेवढं या गियरवाचून अडलंय. पार्सलवर नाव माझं घाल.