खाणीभोवतीचा पट्टा

४ जून
आलो एकदाचा! आत्याने शब्द टाकला म्हणून नकाशांच्या कचेरीत चिकटलो, आणि राहायलाही तिच्याकडेच. ती तिथे तीस वर्षं नकाशे काढतेय. घर छोटं पण झकास. मागे मोकळं रान आणि पाऊणशे मीटरवर बंद पडलेली खाण. आत्या म्हणाली, खड्ड्यात काय बघतोस, ताटात बघ.

६ जून
पहिलं काम फत्ते! डेटाबेसमधून खाणीचा आकार काढायचा, त्याभोवती दहा मीटरचा धोक्याचा पट्टा मोजायचा, आलेला आकार साठवायचा. रोज संध्याकाळी सहाला प्रोग्राम हे आपोआप करतो. साहेबांनी पाठ थोपटली. आत्या कचेरीभर मिरवत होती.

९ जून
माती खाल्ली मी. नवा आकार वेगळा ठेवायचा, तो खाणीच्याच जागी साठवला. प्रोग्राम आता कालच्या पट्ट्यालाच खाण समजतो आणि रोज आणखी दहा मीटर पुढे सरकतो. दुरुस्ती पाच मिनिटांची. पण प्रोग्राम थांबवला की नावानिशी नोंद होते, साहेबांना कळतं. उद्या बघू.

११ जून
आत्याने छापलेल्या नकाशात खाणीचा पट्टा फुगलेला निघाला म्हणून साहेबांनी तिला झापलं, सगळ्यांसमोर. म्हातारपणी नजर गेली म्हणाले. ती मान खाली घालून उभी. मी शेजारीच, तोंडात मिठाची गुळणी धरून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ जून
सहा दिवसांनी, संध्याकाळी सातला, मागचं दार उघडलं. रान नाही. नुसता खड्डा, दारापासून पाच मीटरवर, कड सुरीने कापल्यासारखी. धूळ नाही, आवाज नाही. साठवलेल्या आकाराशी ताडून पाहिलं. तंतोतंत तोच.

१३ जून, दुपार
आज थांबवणारच होतो. नेमके साहेब मागे येऊन उभे. हात आखडला. थू माझ्या जिंदगानीवर. निदान आत्याला तरी बाहेर —

१३ जून, संध्याकाळ
सांगितलं आत्याला. सगळं. ती हसली. म्हणाली, चूक माझी आहे हे तिला नकाशा बघताच कळलं होतं; घरचं पोर चारचौघांत तोंडावर पडू नये म्हणून बोलणी खाल्ली. चल, आत्ताच्या आत्ता निघू, म्हटलं. गॅस तेवढा बंद करून येते म्हणाली —

सहा वाजले.

मागच्या स्वयंपाकघरातून उजेड येतोय. तिथे तर भिंत —

ओ देत नाहीये. आत्या, मी उद्या सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी, माझं नाव —