खोलीच्या बाजूचं पाणी

प्रिय ताई,

पत्र हातात आल्यावर आधी पाकीट नीट बघ. कडा मी दोनदा चिकटवल्या आहेत. एखादी सुटलेली दिसली, तर वाटेत कुणीतरी वाचलं असं समज. हसू नकोस. फोनवर हे बोलता येत नाही, कारण आपल्याकडे स्वयंपाकघरात बोललेलं बाबांच्या खोलीत जातं, आणि त्यांना ऐकू येत नाही असं आपण धरून चालतो तेव्हाच नेमकं येतं. रविवारी मी त्यांना पंधरा दिवसांसाठी तुझ्याकडे आणून सोडतोय. रंगाच्या वासाने खोकला वाढेल, असं त्यांना सांगितलंय. ते यायच्या आत तुला सगळं माहीत असायला हवं, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

बाबांच्या खोलीतली कपाटामागची भिंत आठवते ना? आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी तिथे पहिला डाग आला. ताटाएवढा, कडेने काळा. मी रंगारी, लोकांच्या भिंती आरशासारख्या करून देतो आणि माझ्याच घरी बुरशी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सुट्टी घेऊन पत्र्याने सगळे पोपडे खरवडले, बुरशीचं औषध लावून भिंत धुतली, चार दिवस पंखा लावून वाळवली, मग पुट्टी, घासकाम, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. तीन महिन्यांत डाग परत हजर, आणि या वेळी दोन ताटांएवढा. पुन्हा सगळं केलं, पुन्हा तेच. मग मी दर आठवड्याला डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहायला लागलो. भिंतीचा पार नकाशा झाला.

त्या भिंतीच्या पलीकडे शेजारच्या घड्याळकाकांचं बाथरूम आहे. आता तूच सांग, संशय दुसऱ्या कुणावर येईल? मी भिंतीला कान लावून त्यांच्याकडच्या आंघोळीच्या वेळा आठवडाभर वहीत टिपल्या. काकू रोज दोनदा आंघोळ करतात. हे कळलं तेव्हा मला वाटलं, चोर सापडला. वही घेऊनच त्यांच्या दारात गेलो. काका हातातलं दुरुस्तीला आलेलं घड्याळ खाली न ठेवता म्हणाले, "माझ्याकडे टिकटिक होते रे, टपटप नाही." मला वाटलं, थट्टेवारी नेतायत म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतायत. मी रोज जायला लागलो. शेवटी वैतागून त्यांनी प्लंबर बोलावला आणि माझ्या डोळ्यांदेखत भिंतीवरच्या चार फरश्या फोडून आतला पाइप दाखवला. खडखडीत कोरडा. तिथे तरी मी गप्प बसायचं होतं. पण मी सगळ्यांसमोर म्हणालो, आदल्या दिवशी पुसून ठेवला असेल. काकू म्हणाल्या, "भिंतीच्या आत हात घालून पुसतात का रे, शहाण्या? तुझ्या आईने ऐकलं असतं तर कान पिळला असता." त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. बाबांचा आणि काकांचा वीस वर्षांचा संध्याकाळचा पत्त्यांचा डावही बंद.

हे सगळं होत असताना बाबा मागे दारात उभे होते. बोलले काहीच नाहीत. ज्या माणसाने जन्मभर कुणाचं चुकलेलं पाऊल सोडलं नाही, सदऱ्याच्या बाहीला चुणी दिसली तर मला दारातून परत पाठवलं, तो माणूस मुलाने शेजाऱ्याला खोटं ठरवल्यावर गप्प! घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "माझ्या खोलीला रंग नको. तुझं काम बाहेर कर." मग माझा संशय त्यांच्याकडे वळला. ताई, मी वाईट वाईट शंका घेतल्या. दुपारी खोलीला आतून कडी का? खिडकी बारा महिने बंद का, तर म्हणे धूळ येते. कपड्यांचा साबण आठवड्यात कसा संपतो? मला वाटलं, विड्या पुन्हा सुरू केल्या आणि वास जावा म्हणून हात धुतायत. त्यातच जेवणाच्या टेबलावरचं फुलाफुलांचं प्लास्टिक गायब झालं. खरं सांगतो, ते तू नेलंस असं मला वाटलं होतं. मागच्या वेळी तू त्याच्यावरून दोनदा हात फिरवला होतास. माफ कर.

शेवटी हे सगळं कामावरच्या आमच्या मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी आधी मला शेलक्या शिव्या दिल्या, त्या लिहीत नाही. मग म्हणाले, "पाणी भिंतीतून येतंय की खोलीतून, ते बघितलंस का? की नुसताच पंचनामा करत सुटलास?" त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी जाड प्लास्टिकचा वीतभर तुकडा घेऊन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवला. दोन दिवसांनी बघायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीची, बाहेरच्या बाजूला धरलं तर ओल खोलीतल्या हवेची. दोन दिवसांनी बाहेरून थेंब ओघळत होते आणि आतली भिंत कोरडी. माझा विश्वास बसला नाही. दुसरीकडे लावून बघितलं. तेच. मिस्त्री म्हणाले, "बंद खोलीत कुणीतरी ओले कपडे वाळत घालतंय. ती वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते. तू भिंतीला कितीही औषध पाज, आजार खोलीचा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तारेचा ब्रश विसरला म्हणून मी घरी आलो. खरं म्हणजे विसरलो नव्हतो, बघायलाच आलो होतो. त्या दिवशी कडी नीट बसली नव्हती, दाराला फट होती. कपाटाच्या खुंटीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी, दोरीवर दोन चादरी. बाबा स्टुलावर बसून बादलीत तिसरी पिळत होते. हाताला जोर नाही, म्हणून एक टोक स्टुलाच्या पायाला गुंडाळून दुसरं फिरवत होते. पलंगावर गादी उघडी, आणि गादीवर ते फुलाफुलांचं प्लास्टिक. मला कळायला एवढा वेळ लागला, ताई. मी आल्या पावली मागे फिरलो, चप्पल हातात घेऊन. संध्याकाळी आलो तो जिन्यापासूनच मोठ्याने खोकत, किल्ल्या वाजवत. बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते, सदऱ्याला कडक इस्त्री.

काका फरश्या फोडत होते तेव्हा बाबांना कारण ठाऊक होतं की नाही, हे मला माहीत नाही. मी शोधणारही नाही. गेल्या रविवारी मी काकांच्या चारही फरश्या स्वतः बसवून दिल्या. काकांनी विचारलं, "मग पाणी कुठून येत होतं, साहेब?" मी म्हटलं, हवेतून. ते म्हणाले, "मग हवेच्या दारात जाऊन भांडायचंस की! माझ्या कशाला आलास?" काकूंनी चहा दिला, साखर न घालता. पण दिला.

आता या पंधरा दिवसांत मी भिंत तळापर्यंत खरवडून नव्याने करतोय, खिडकीच्या वर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवतोय आणि त्यांच्या खोलीच्या मागच्या गॅलरीला बाहेरून दिसणार नाही असा आडोसा करून तिथे तारा बांधतोय. ते काम माझं. पण एक काम मला जमणार नाही, ते तुझ्यावर टाकण्यासाठी हे पत्र आहे. बाबांना मागची, बाथरूमला लागून असलेली खोली दे. गादीवर प्लास्टिक आधीच घालून ठेव आणि विचारलंच तर सांग, आमच्याकडे सगळ्याच गाद्यांवर घालतो. मुलांच्या गाद्यांवरही खरंच घाल, ते तपासतील. चादरी कपाटात चार-पाच जास्त ठेव, मोजू नकोस. भावजींना काही सांगू नकोस. आणि तुझं डोकं दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे जाताना सोबत म्हणून त्यांना घेऊन जा. डॉक्टरांना आदल्या दिवशी एकटीने भेटून ये. ही रात्रीची तक्रार बरी होऊ शकते, मिस्त्रींच्या भावाची झाली होती. मी दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारून घेतलंय. मी विचारलं तर बाबा मला कधी माफ करणार नाहीत. तूही विचारू नकोस. पण एखाद्या दिवशी ते स्वतःहून सांगायला लागले, तर पहिल्यांदाच ऐकतेस असं ऐक.

तुझाच,
धाकटा