हातमोज्यातलं बोट

४ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझ्या धाकट्याची अनामिका संपावर गेली आहे. व्हायोलिनच्या तारेवर ठेवली की तळहातात वळते. बटणं, भांडी, दाढी सगळं बिनतक्रार करते; ज्याचा पगार मिळतो तेवढंच काम नाकारते. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. रियाज इतका केला की मेंदूत अनामिका आणि करंगळीची जागा एकच झाली. एकीला हाक मारली की दोघी धावतात. आळशी असतो तर वाचलो असतो म्हणे. वाद्यवृंदाने सप्टेंबरपर्यंत माझी खुर्ची राखली आहे. दुसरं मला काही येत नाही, हे तू जाणतेसच.
लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

१५ जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
मी रियाज टाळून गच्चीवर पळायचे, तेव्हा बाबा तुझं उदाहरण द्यायचे. आज असते तर माझं दिलं असतं. थट्टा सोड, तुझं पत्र वाचल्यावर दवाखान्यात मी एकाची चांगली दाढ उपटायला निघाले होते.
सोबत माझे रबरी हातमोजे पाठवते. ओळखीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्पर्श बदलला की मेंदू कधीकधी फसतो. हे ते वाद्यच नव्हे, असं त्याला वाटतं. फसवून बघ. वेळेवर जेवत जा.
माया आहे तशीच,
ताई

२ जुलै
ती. ताईस,
सा. न.
मेंदू फसला. दंतवैद्याच्या थाटात मोजा चढवला आणि संध्याकाळभर वाजवलं. अनामिका शहाण्यासारखी तारेवर. शेजारच्या आजोबांनी भिंतसुद्धा ठोकली नाही. आणखी एक खोका पाठव.
तुझा धाकटा

१० जुलै
चि. धाकट्यास,
अ. आ.
खोका पाठवला. एवढ्या मोज्यांत तुमचा भाऊ किती दात काढणार, असं आमची मदतनीस विचारते. एक ऐक, फार वाजवू नकोस. थोडं आळशी हो. हवं तर मी शिकवते.
ताई

२० ऑगस्ट
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं ऐकलं नाही. मोजा घालून रोज सकाळपासून बसलो. दुसरी रीत ठाऊकच नाही. मेंदू माझाच, तोही मन लावून शिकला. आता मोज्यातही बोट वळतं. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या, असं कळवून टाकलं.
काल साबण झोंबला म्हणून भांडी घासायला तुझ्या मोज्यांतला एक चढवला. पेला नीट धरायच्या आत अनामिका वळली. पेला निसटून फुटला.
मोजे आता नकोत. पत्रं तेवढी पाठवत जा.
तुझा धाकटा