ताईचे नवे बूट

ताई,

तू आणि तुझी ऑफिसातली मैत्रीण महिनाभराच्या डोंगरवाटेचा नकाशा आपल्या जेवणाच्या टेबलावर पसरून बसता, आणि चहा मी करते. "आईजवळ कुणीतरी हवंच ना," म्हणालीस. कुणीतरी म्हणजे मी, हे विचारायचीही गरज नव्हती.

वर म्हणालीस, "आपलं माप एकच. माझे बूट घरात वापरून जरा सैल कर, मला वेळ नाही."

केले. ते घालून भांडी घासली, आईची औषधं आणली, उगाचच जिने चढले. आता ते माझ्या पायाला असे बसलेत की काढवत नाहीत.

चढावर ते तुला चावणार. तेव्हा त्या मैत्रिणीला फोड दाखवत बसू नकोस. मला फोन कर.

तुझी,
चहावाली धाकटी